कलम चौथं

आमच्या घरात गांजाचा परवाना आधीपासूनच आहे, ही बातमी मला पोस्टाच्या खिडकीवर, मागे अकरा माणसं उभी असताना मिळाली.

आमच्या देशात घरी सहा झाडांपर्यंत गांजा लावायला कायद्याने परवानगी आहे, फक्त पोस्टात नोंदणी करावी लागते. मी नोटरी आहे. दुरास्नोसारख्या गावात नोटरीला काय मान असतो, हे ज्याला जमीन विकायची किंवा सख्ख्या भावाशी भांडायची वेळ आली त्यालाच कळतं. तीस वर्षांत माझ्या सहीशिवाय या गावातलं एकही कुंपण वीतभर सरकलेलं नाही. अशा माणसाने नीट कपडे करून, ओळखपत्र आणि विजेचं बिल घेऊन खिडकीवर यावं, आणि खिडकीतल्या सुल्माबाईंनी चष्म्यावरून बघत सांगावं, की एका घराला एकच नोंदणी, आणि तुमच्या पत्त्यावर ती जुलैतच झालेली आहे.

"कोणाच्या नावावर?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. कायद्याने गोपनीय आहे."

"अहो, पण घर माझं आहे."

"म्हणूनच तर गोपनीय आहे," सुल्माबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

या सुल्माबाईंच्या घराचं खरेदीखत मी केलेलं आहे. पण ते जाऊ दे. रांगेतून कोणीतरी मला धीर दिला, की घरात तीनच तर माणसं आहात, एकेकाला विचारून बघा. बाकीचे हसले नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं. हसू दाबलेली माणसं मागाहून घरोघर जाऊन हसतात.

आता मी तिथे गेलो कशाला होतो ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलताच समज करून घ्याल. मी आयुष्यात साधी सिगारेट ओढलेली नाही. मला गांजा ओढायचा नव्हता, मला तो उगवायचा होता. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो फरक एका लिंबाच्या झाडामुळे पडला.

आमच्या परसात माझ्या सासऱ्यांनी लावलेलं लिंबाचं झाड होतं. त्याच्या एका फांदीला सासूबाईंच्या कॅनरीचा पिंजरा टांगलेला असे. हा पक्षी सकाळी बोलायला उभा राहिला की खाली बसायचं नाव घेत नसे, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव सिनेटर ठेवलं होतं. सासरे गेले, झाड राहिलं, सिनेटर राहिला, आणि मी एका रविवारच्या पुरवणीत छाटणीवरचा लेख वाचला. आमचा हिवाळा जुलैत असतो. त्या कडाक्याच्या थंडीत मी ते झाड असं छाटलं, की पाहणाऱ्याला वाटावं टोपी ठेवायचा खुंटा आहे. वर जखमांना हवा लागू नये म्हणून फाटकाचा उरलेला हिरवा तेलरंग फासला. झाड सप्टेंबरात मेलं. मेल्यावरही हिरवंच दिसत असल्यामुळे ते मेलंय हे मला पटायला डिसेंबर उजाडला.

झाड मेलं तेव्हापासून सिनेटर मुका झाला. दाणे खायचा, पाणी प्यायचा, पण चोचीतून चकार शब्द नाही. सासूबाई मला एका अक्षराने बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक केलं. लग्नाच्या दिवसापासून मला 'अरे दार्दो' म्हणणाऱ्या त्या बाईंनी मला 'नोटरीसाहेब, तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. गावात मला सगळेच नोटरी म्हणतात. दार्दो म्हणणारी माणसं घरातली दोनच, त्यातलं एक कमी झालं. "नोटरीसाहेब, मीठ देता का?" या वाक्याने माणसाचा घास कसा अडकतो ते मला विचारा. वर त्या गावभर सांगत, की माणूस चांगला आहे हो, पण हाताला गुण नाही.

मला तो गुण सिद्ध करायचा होता. एक झाड, फक्त एक, माझ्या हातून उभं राहिलेलं त्यांना दाखवायचं आणि त्यांच्या तोंडून पुन्हा 'अरे दार्दो' ऐकायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. लिंबाला फळ धरायला वर्षं लागतात. आमच्या रविवारच्या त्रुकोच्या, म्हणजे पत्त्यांच्या, डावातला माझा भिडू आणि शेजारी ग्वाल्बेर्तो, रेल्वेचा निवृत्त गार्ड, म्हणाला की गांजा लाव, सहा महिन्यांत तुझ्या डोक्याच्या वर जातो. त्याच्या परसात दर साली तीन झाडं असतात आणि आळीत त्यांची कीर्ती आहे. म्हणून पुढच्या साली ऑगस्टात मी पोस्टात गेलो.

घरी परतेपर्यंत पाऊस लागला होता, म्हणजे तोर्ता तळणं आलंच. माझी बायको निबिया पिठाचे गोल तळणीत सोडत होती. मी दारातच उभं राहून साक्षीदाराला विचारतो त्या आवाजात विचारलं, की निबिया, तुला मला काही सांगायचंय का. तिचा चेहरा पडला. झारा खाली ठेवून ती म्हणाली, की मी सांगणारच होते, गाडीच्या मागच्या दाराला पोचा आलाय, पण दुधवाल्याचा खांबच मुळात चुकीच्या जागी आहे. मला गाडीचं काहीच माहीत नव्हतं. दोन्ही दुःखं एकदम कशी करावीत या विचारात मी असताना कोपऱ्यातून आवाज आला.

"परवाना माझा आहे, नोटरीसाहेब," सासूबाई विणकाम न थांबवता म्हणाल्या. "आणि निबिया, पिठात मीठ कमी आहे."

सासूबाईंचं नाव दोन्या ओलिंदा, म्हणजे ओलिंदाबाई. वय ब्याऐंशी. त्यांच्या वडिलांकडे म्हणे अठरा कॅनरी होते, आणि एखादा मुका झाला की वडील त्याला गांजाचं बी चारत. महिन्याभरात गळा मोकळा. त्यांनी गावातल्या दाणेवाल्याकडे बी विचारलं, तो म्हणाला आता येत नाही. तेव्हा कायदा झालेला आहे तर कायद्याने जावं, असं ठरवून त्या पेन्शनच्या दिवशी पोस्टात गेल्या, ओळखपत्र दाखवलं, विजेचं बिल दाखवलं आणि नोंदणी करून आल्या.

"पण बिल माझ्या नावावर आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर नेलं. तुम्ही काय घरचे नाही का?"

मग लावलं का नाही, असं निबियाने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, की ऑगस्टअखेरचं सांता रोसाचं वादळ होऊन गेल्याशिवाय बी टाकायचं नसतं, आणि शिवाय खणायला माणूस हवा. एवढं बोलून त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात नकळत खिशात घातले.

खणायला मी तयार झालो. पण परवाना त्यांचा, अंग माझं, तर काहीतरी लेखी हवं. आमचा धंदाच तसा आहे. आम्ही नोटरी लोक आईला फूल दिलं तरी पोच घेतो. त्या संध्याकाळी मी टेबलावर बसून रीतसर करारनामा लिहिला. लिहून घेणार दोन्या ओलिंदा, लिहून देणार मी. पहिल्या कलमात झाडं सहा आणि ती त्यांच्या परवान्यावर. दुसऱ्यात खणणं, पाणी, राखण माझ्याकडे. तिसरं कलम त्यांनी सांगून घालून घेतलं: लिहून देणार याने छाटणीची कात्री अथवा कोणत्याही रंगाचा डबा झाडांच्या पाच मीटरच्या आत आणू नये. आणि चौथं कलम सिनेटरचं. सहापैकी एक झाड, सासूबाई दाखवतील ते, बियांसाठी त्यांचं. आणि सदरहू झाड लिहून देणार याने कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही ऋतूत, कोणाच्याही सल्ल्यावरून उपटू, कापू अथवा हलवू नये. हे शब्द माझे. यापेक्षा घट्ट कलम मी जन्मात लिहिलं नव्हतं, आणि माझ्या हातचं जगणार असं हे पहिलंच कलम आहे, असा विनोदही मी केला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावून चारही कलमं दोनदा वाचली आणि सही केली.

ग्वाल्बेर्तोने आगपेटीतून सहा बिया आणून दिल्या. त्याबरोबर सल्लेही दिले, ते आगपेटीत मावले नसते. त्याचं म्हणणं बी चढत्या चंद्रावर टाकायचं. पलीकडचे अदेमार मास्तर, ज्यांनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि अजून थांबलेले नाहीत, ते म्हणाले की चंद्राचा काही संबंध नाही, उतार बघा. ग्वाल्बेर्तो म्हणाला, माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, त्याचा उरलेला चोथा मुळाशी घाल. मास्तर म्हणाले, चोथ्याने माती आंबट होते, केळीची सालं घाला. औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, दूध. मी सगळंच थोडंथोडं घातलं. कोणाला दुखवायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम आहे.

आणि आठव्या दिवशी सहाच्या सहा बिया उगवल्या! अहो, सहाच्या सहा! मी सकाळी पायजम्यावर परसात गेलो आणि बघतो तो मातीतून सहा हिरव्या चिमट्या वर आलेल्या. मी निबियाला उठवलं, ग्वाल्बेर्तोला भिंतीवरून हाक मारली, आणि ऑफिसात एक विक्रीखत अर्धवट टाकून पुन्हा बघायला घरी आलो. विकणारा आणि घेणारा दोघेही माझ्या मागोमाग आले आणि तिघांनी मिळून पाहिलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं उड्या मारावंसं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं खरं. सासूबाई पिंजरा हातात घेऊन आल्या. सिनेटरला त्यांनी सहा रोपं दाखवली आणि मला म्हणाल्या, "उगवतात सगळीच, नोटरीसाहेब."

झाडांशी बोलावं म्हणतात. ग्वाल्बेर्तो त्याच्या झाडांना रेडिओवर फुटबॉल ऐकवतो. मला काय बोलायचं सुचेना, म्हणून मी संध्याकाळी कडू माते पीत त्यांना दिवसभरातली खतं वाचून दाखवायचो. चतुःसीमा ऐकताना ती डोलायची. वारा असेलही.

नोव्हेंबरात मुंग्या आल्या. आमच्याकडच्या पानं कातरणाऱ्या मुंग्या ज्याने पाहिल्या नाहीत त्याने स्वतःला भाग्यवान समजावं. सकाळी गेलो तर दोन रोपांच्या नुसत्या काड्या उभ्या, आणि भिंतीच्या कडेने हिरव्या तुकड्यांची मिरवणूक चाललेली, शिस्तीत, एकमेकींना वाट देत. मी केरसुणी घेऊन धावलो. मास्तरांनी भिंतीवरून त्यांच्या वारुळाच्या दिशेविषयी व्याख्यान दिलं. मला रडू यायचं बाकी होतं. सासूबाईंनी हाताला गुण नाही असंच म्हणायला तोंड उघडलं असणार, पण माझ्याकडे बघून त्या आत गेल्या आणि मेंढीची न पिंजलेली लोकर घेऊन आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी उरलेल्या चारही रोपांच्या बुंध्याला लोकरीचा एकेक पट्टा गुंडाळला. मुंगीचे पाय त्यात अडकतात, म्हणाल्या. आणि अडकले. ऐन उन्हाळ्यात आमची झाडं गळ्यात मफलर घालून उभी राहिली, आणि मग जी सुटली म्हणता! नव्या वर्षापर्यंत छातीला लागली, जानेवारीअखेर माझ्या डोक्याच्या वर. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून भिंतीपलीकडे बघायची. मी उगीचच परसात काहीतरी काम काढून तिथे उभा राहायचो.

मध्यंतरी तपासणीला एक साहेब आले. परवानाधारक कोण म्हणाले, तर सासूबाई एप्रनला हात पुशीत पुढे झाल्या. साहेबांकडे कागद होता, त्यावर 'वैयक्तिक वापर' असं छापलेलं आणि खाली सहीची रेघ. सासूबाईंनी सही करायला साफ नकार दिला. मी ओढत नाही, हे पक्ष्यासाठी आहे, खोट्यावर सही करणार नाही, माझा जावई नोटरी आहे. माझी छाती अभिमानाने फुगली. दोन तास आणि मातेसाठी तीन थर्मास गरम पाणी खर्ची पडल्यावर मी असा मुद्दा मांडला, की सिनेटर हा या कुटुंबाचा घटक असून त्याने खाल्लेलं ते घरच्या माणसानेच खाल्लेलं धरावं. साहेबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. सिनेटर काहीच बोलला नाही. शेवटी साहेबांनी 'वैयक्तिक' खोडून 'कौटुंबिक' लिहिलं, सासूबाईंनी सही केली, आणि मी त्या खाडाखोडीवर शिक्का मारून दिला.

फेब्रुवारीत एका रविवारी डाव संपल्यावर ग्वाल्बेर्तो माझी झाडं बघायला आला. पहिल्या तीन झाडांपाशी त्याने मान डोलावली. चौथ्यापाशी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, फांदीच्या बेचक्यातल्या बारीक गोट्या बोटाने चाचपल्या आणि एक पाऊल मागे सरला.

"नोटरी, हा नर आहे," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता उपट. ह्याच्या गोट्या फुटल्या की तुझ्या तिन्ही माद्या बियांनी भरतील. मग ते ओढायच्या कामाचं राहत नाही. आणि माझी झाडं भिंतीपलीकडे वीस पावलांवर आहेत. एक नर सबंध आळीला पुरतो."

मी नवखा माणूस. बी हवं तर नर लागतो, आणि नर ठेवला तर सगळंच बी होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी वाकून बुंध्याला हात घातला तोच स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"हात काढा. ते झाड माझं."

"सासूबाई, अहो, तो नर आहे."

"मग? बाबा सांगायचे, नवरदेवाशिवाय बी नाही. कलम चौथं, नोटरीसाहेब. वाचून दाखवू?"

वाचून दाखवायची गरज नव्हती. कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही ऋतूत, कोणाच्याही सल्ल्यावरून. माझेच शब्द, माझाच शिक्का. ग्वाल्बेर्तो म्हणाला, की घरातल्या कागदाला काय चाटायचंय, फाडून टाक. मी त्याला म्हणालो, की मीच माझ्या हातचं कलम मोडलं तर उद्या या गावात कोणाचं कुंपण जागेवर राहील? हे मी फार तडफेने बोललो. मनात खरं वेगळंच होतं. लिंबाचं झाड मारणाऱ्या हाताने सासूबाईंचं दुसरं झाड उपटायचं माझ्याच्याने होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ आलं. आपापल्या खुर्च्या आणि आपापले थर्मास घेऊन नऊ माणसं परसात बसली. ग्वाल्बेर्तोने वर्षभराच्या मेहनतीची आठवण दिली. मास्तरांनी या मोसमातल्या वाऱ्यांच्या दिशा सांगितल्या. औषधवाल्या बाईंनी सुचवलं, की पक्ष्यालाच दुसरीकडे द्यावं; तेव्हा सासूबाई आतून आल्या आणि बाईंच्या समोरचं बिस्किटांचं ताट उचलून घेऊन गेल्या. तीन तासांनी सगळे थकले, तेव्हा मला माझ्याच करारात फट सापडली. उपटायचं नाही, कापायचं नाही, हलवायचं नाही. पण पांघरूण घालायचं नाही असं कुठे लिहिलंय? सभेने टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा जो आनंद झाला तसा पहिली सही केली तेव्हाही झाला नव्हता.

निबियाच्या लग्नातला बारीक विणीचा मेजपोस शिवून त्याची पिशवी केली आणि ती नराच्या डोक्यावरून घालून खाली सुतळीने बांधली. कोपऱ्यात पांढऱ्या झग्यातला नवरदेव, समोर तीन नवऱ्या आणि मध्ये अंतरपाट. सासूबाईंनी फक्त एक अट घातली, की वेळ आली की एका नवरीच्या एका फांदीवर त्या स्वतः चमचाभर पराग टाकतील, सिनेटरपुरता. ग्वाल्बेर्तोने ते मान्य केलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ येऊन गाठी तपासू लागला. नऊ दिवस सगळं कसं छान चाललं होतं.

दहाव्या दिवशी उकाडा होता. दुपारी तीनला दक्षिणेकडचं आभाळ पाटीसारखं काळं झालं आणि कुत्री घरात शिरली. पाम्पेरोचं वादळ येतंय हे कळायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा मेजपोस शिडासारखा फुगला होता. मी त्याला मिठी मारली. निबियाने मला मिठी मारली. गाठ ग्वाल्बेर्तोने मारलेली होती, ती टिकली. फाटली ती शिवण. मेजपोस वर गेला आणि त्यातून पिवळ्या धुराचा एवढा मोठा लोट निघाला, की मला क्षणभर समोरची भिंत दिसेना. मी शिंकत एक कोपरा धरून ठेवला होता, पण वाऱ्याने तोही ओढून घेतला. मेजपोस दिमाखात भिंतीवरून पलीकडे गेला आणि ग्वाल्बेर्तोच्या सगळ्यांत मोठ्या झाडावर बसला. नुसता बसला नाही, गच्च गुंडाळला गेला.

मग पाऊस आला. पावसात भिंतीवरून ग्वाल्बेर्तोचं डोकं दिसलं. त्याने मेजपोस चार घड्या घालून भिंतीवर ठेवला आणि आत गेला.

त्यानंतर तो डावाला आला, पण माझा भिडू झाला नाही. मास्तरांशी जोडी करून त्याने मला सहा रविवार हरवलं. त्याच्या, माझ्या, औषधवाल्या बाईंच्या, आळीतल्या एकूण एक झाडाची कणसं बियांनी टचटचून भरत चालली होती. पोस्टात सुल्माबाईंनी मला सांगितलं, की त्यांच्या भाचीच्या झाडालाही बी धरलंय, आणि ती तर चार गल्ल्या पलीकडे राहते. आणि हे मात्र गोपनीय नाही. मी रस्त्याने खाली बघून चालू लागलो.

पहिलं बी मार्चच्या शेवटी पिकलं. सासूबाईंनी ते तळहातावर चोळलं, फुंकलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. सिनेटरने एक फोडलं, दुसरं फोडलं, आणि सगळी वाटी संपवली. मग तो दांडीवर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी विचारायचो, आज? सासूबाई मान हलवायच्या. दहा दिवस गेले. सबंध आळीचं पीक गेलं, मित्र गेला, मेजपोस गेला, आणि पक्षी ढिम्म. माझ्या हाताला गुण नाही हे मलाही पटत चाललं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी एकदा परसात जाऊन त्या हिरव्या खुंटापाशी बसून रडलो.

एप्रिलातल्या पर्यटन-सप्ताहाच्या सुट्टीत, रविवारी, ग्वाल्बेर्तोकडे दरवर्षीची आसादोची मेजवानी असते. मांस निखाऱ्यावर असताना माणसाला बोलावू नये इतकं वैर आमच्या गावात कोणी करत नाही, म्हणून निरोप आला आणि मी गेलो. जेवणं झाल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या पिकाच्या बरण्या काढल्या. बियांचा खडखडाट होत होता. शोकसभेत उदबत्ती लावावी तशी ग्वाल्बेर्तोने एक विडी वळून पेटवली. पहिल्या झुरक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला आतलं बी लाहीसारखं फुटलं आणि ठिणगी त्याच्या नव्या पांढऱ्या शर्टावर पडून भोक पडलं. तो शर्ट झटकतो तोच दुसरं फुटलं, ते मास्तरांच्या दाढीत गेलं. चाळीस वर्षं जगाचा नकाशा दाखवणारे मास्तर स्वतःची दाढी दोन्ही हातांनी बडवत अंगणभर धावले. मी पाण्याचा ग्लास फेकला, तो ग्वाल्बेर्तोला लागला. कोणीही हसलं नाही आणि मी टोपी घेऊन घरी आलो.

सोमवारी सकाळी दारावर थाप पडली. ग्वाल्बेर्तो उभा होता, तोच भोक पडलेला शर्ट घालून. हातात तेलाचा रिकामा डबा, काठोकाठ बियांनी भरलेला. त्याच्यामागे मास्तर होते, त्यांच्या हातात बरणी. दाढी अर्धी होती.

"हे घे," ग्वाल्बेर्तो म्हणाला. "आमच्या काय कामाचं? तुझ्या सिनेटरला सात जन्म पुरेल. पण एकदा त्याचं तोंड तरी दाखव, ज्याच्यापायी आळी बुडाली."

मी त्यांना परसात नेलं. सासूबाई खुर्चीवर बसून पिंजरा मांडीवर घेऊन पाणी बदलत होत्या. ग्वाल्बेर्तोने डबा खाली ठेवला. डब्यातल्या बिया सळसळल्या. आणि सिनेटरने मान वाकडी करून डब्याकडे पाहिलं, मग गळा फुगवला, एक बारीक किरकिर केली, थांबला, आणि पुन्हा गळा फुगवून जो सुटला! दीड वर्षाचं साठलेलं भाषण होतं ते. वर चढत गेलं, तिथेच थरथरत राहिलं, घरंगळत खाली आलं, परत चढलं. निबिया हात ओले असतानाच बाहेर आली. मास्तर पहिल्यांदाच गप्प होते. मी जागचा हललो नाही. हललो तर तो थांबेल अशी भीती वाटत होती.

बऱ्याच वेळाने ग्वाल्बेर्तो हळूच म्हणाला, की कॅनरीची पिसं झडून नवी आली की तो तसाही गायला लागतो. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. त्याने स्वतःच खुर्ची ओढली आणि बसून ऐकू लागला. मग त्याने मला विचारलं, की रविवारी माझा भिडू होणार का, मास्तर फार बोलतात.

सासूबाई पिंजऱ्यावरून हात फिरवत होत्या. डोळे पुसायला त्यांनी एप्रन वर केला, तो खाली केल्यावर त्यांची नजर कोपऱ्यातल्या त्या हिरव्या खुंटावर गेली.

"अरे दार्दो," त्या म्हणाल्या, "पिंजरा टांगायला फांदी लागेल. पाऊस झाला की लिंबाचं एक रोप आण. खड्डा तू खण."